शंभरांपैकी किती?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चची दारे लावून घेत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पायरीशी रेंगाळत उभा असलेला दिसला. वय सतरा, बारावीत शिकणारा, स्वभावाने सरळ व कामसू. उन्हाळ्याच्या सुटीत एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानी दोन महिने राबून त्याने काही हजार रुपये गाठीस बांधले होते, व त्यांतील मोठा भाग खर्चून संगणकावर खेळावयाचा एक व्हिडिओ गेम विकत घेतला होता. हे आम्हांस ठाऊक होते, कारण खरेदीच्या आदल्या दिवशी त्याने ती वार्ता मोठ्या उत्साहाने आमच्या कानी घातली होती. "फादर, शंभरांपैकी नव्वदच्या वर मार्क आहेत त्याला!" असे तो तेव्हा म्हणाला होता. आता मात्र चेहरा उतरलेला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारले, "फादर, सगळं जग ज्याला चांगलं म्हणतं ते मलाच आवडत नसेल, तर माझ्यातच काही कमी आहे का?"

प्रश्न विचारणाऱ्याचे वय व प्रश्नाचा विषय पाहून कित्येकांस हसू येईल. आम्हांस आले नाही. दोन महिन्यांची मजुरी गेल्याचे दुःख त्याने बोलून दाखविले नाही. त्यास दुःख होते ते वेगळेच. एका आकड्याने त्यास नापास केले होते, आणि तो निकाल त्याने मुकाट्याने मान्य केला होता.

खेळाचे नाव 'एल्डन रिंग'. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने तो फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, व त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणून त्यास 'द गेम अवॉर्ड्स'चा मानही मिळाला. त्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. आमच्याच धर्मग्रामातील दुसरा एक तरुण त्या खेळावर जीव टाकतो, व त्यातील उजाड प्रदेशांचे वर्णन करू लागला की ऐकत राहावेसे वाटते. परंतु खेळ कठीण आहे. 'सोपे', 'मध्यम', 'अवघड' अशी निवड त्यात ठेवलेलीच नाही. खेळणाऱ्याने पुन्हा पुन्हा मरावे आणि त्या मरणातून शिकावे, हीच त्याची रीत. ज्यास ही रीत रुचते त्यास ती विलक्षण रुचते. ज्यास रुचत नाही त्यास ती शिक्षेसारखी वाटते. आमच्या तरुणास ती शिक्षेसारखी वाटली. तरी तो दीड महिना रोज रात्री नेमाने बसला, कारण आकडा सांगत होता की आनंद होणारच.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकतो. ज्या 'स्टीम' नामक दुकानातून संगणकावरील बहुतेक खेळ विकत घेतले जातात, तेथे जून २०१५ पासून असा नियम आहे की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, व खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. ही सवड त्या तरुणासही होती. पहिल्या दोन तासांतच मन रमत नाही हे त्यास जाणवले होते, असे तो कबूल करतो. परंतु स्वतःच्या मनाच्या साक्षीपेक्षा परक्यांच्या आकड्याची साक्ष त्यास मोठी वाटली, आणि मुदत टळून गेली.

आपल्या मराठी कुटुंबांत 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. अंगचा गुण तोही गुण, आणि गुणपत्रिकेतला तोही गुण. दहावीच्या निकालाच्या दिवशी गल्लीत पेढे वाटले जातात ते दुसऱ्या अर्थाच्या गुणांचे. पहिल्या अर्थाचे गुण मोजावयास पुष्कळ वर्षे जावी लागतात. लहानपणापासून ज्यास दोहोंची गल्लत करावयास शिकविले गेले, त्याने खेळाच्या बाबतीत निराळे वागावे अशी अपेक्षा तरी कशी करावी? म्हणून आम्ही मुलास दोष देत नाही. मात्र तो आकडा निघतो कसा, हे एकदा नीट पाहून घ्यावे असे आम्हांस वाटते.

'मेटाक्रिटिक' नावाचे एक संकेतस्थळ २००१ साली सुरू झाले. निरनिराळ्या नियतकालिकांत व संकेतस्थळांवर परीक्षकांनी एखाद्या खेळास दिलेले गुण ते गोळा करते. कोणी दहांपैकी दिलेले असतात, कोणी पाच तारकांपैकी. ते सर्व शंभराच्या मापात बसविते, आणि त्यांची सरासरी काढते. ही सरासरीही साधी नव्हे. काही परीक्षकांचे वजन अधिक धरले जाते, काहींचे कमी; आणि कोणाचे किती, हे ते संकेतस्थळ जाहीर करीत नाही. खेळास ७५ वा त्याहून अधिक मिळाले तर हिरवा रंग, ५० ते ७४ पर्यंत पिवळा, त्याखाली तांबडा. रस्त्यावरील दिव्यासारखे हे रंग पाहून जगभरची तरुण मंडळी आपली पाकिटे उघडतात वा मिटतात.

आता सरासरीची एक गंमत पाहा. २०१० साली 'डेडली प्रीमनिशन' नावाचा एक जपानी खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 'आयजीएन' या नामांकित संकेतस्थळाने त्यास दहांपैकी २ गुण दिले. 'डिस्ट्रक्टॉइड' या दुसऱ्या संकेतस्थळाने दहांपैकी १०. एकाच खेळास! पहिल्या परीक्षकास त्यात बेढब चित्रे व ओबडधोबड हालचाली दिसल्या. दुसऱ्यास तो वेडेपणाच अपूर्व वाटला. या दोघांची सरासरी काढली तर ६ येते. परंतु सहा गुणांचा अनुभव या दोघांपैकी कोणासही आलेला नाही! एकाच्या ताटात कारले वाढले, दुसऱ्याच्या ताटात श्रीखंड वाढले, आणि हिशेबनीसाने वहीत लिहिले की पंगतीस मध्यम गोड पदार्थ मिळाला. ज्यास दोन्ही परीक्षणे वाचावयाची सवड असेल त्यास, आपण कारल्याच्या बाजूचे की श्रीखंडाच्या, हे पाच मिनिटांत कळेल. नुसत्या सहाच्या आकड्यावरून जन्मात कळणार नाही.

आकड्यात वेगवेगळ्या गोष्टी कशा कालविल्या जातात, याचेही एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ ऑब्सिडियन या अमेरिकी संस्थेने रचला व तोही २०१० सालीच बाहेर पडला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यास रचनाकारांस अधिक रक्कम द्यावयाची, असे ठरले होते. मिळाले ८४. एका गुणाने ती रक्कम हुकली, हे त्या संस्थेतील क्रिस ॲव्हलोन यांनीच २०१२ साली जाहीर केले. खेळ बाहेर पडला त्या वेळी त्यात तांत्रिक दोष पुष्कळ होते, आणि परीक्षकांनी गुण कापले ते बव्हंशी त्याकरिता. पुढे दोष बरेच दुरुस्त झाले. कथा व संवाद मात्र होते तेच राहिले, आणि आज त्या मालिकेतील सर्वांत प्रिय खेळांत त्याची गणना पुष्कळ खेळाडू करतात. आकडा मात्र ८४ च आहे. बारावीच्या परीक्षेच्या दिवशी ताप आलेल्या मुलाची गुणपत्रिका जन्मभर भिंतीवर टांगून ठेवावी, त्यातला हा प्रकार झाला.

परीक्षक तरी सर्वस्वी मोकळे असतात काय? नेहमीच नव्हे. नोव्हेंबर २००७ मध्ये 'गेमस्पॉट' या संकेतस्थळाने आपले परीक्षक जेफ गर्स्टमन यांस कामावरून दूर केले. त्यांनी 'केन अँड लिंच' या खेळास दहांपैकी ६ गुण दिले होते, आणि त्याच खेळाच्या मोठमोठ्या जाहिराती त्या वेळी त्याच संकेतस्थळावर झळकत होत्या. जाहिरातदारांच्या नाराजीचा त्यात भाग होता, हे पुढे २०१२ साली गर्स्टमन यांनी उघडपणे सांगितले. आम्ही यावरून सगळ्या परीक्षकांस लाचखाऊ ठरवीत नाही. सहा गुण देऊन नोकरी गमावणारा तो गृहस्थही परीक्षकच होता, हे विसरता कामा नये.

मग लोक म्हणतात, परीक्षक नकोत, सामान्य खेळाडूंचा कौल घ्या! तोही घेऊन पाहू. १९ जून २०२० रोजी 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. परीक्षकांची सरासरी नव्वदीच्या वर होती. परंतु पहिल्याच दिवशी हजारो लोकांनी त्यास शून्य, एक, दोन असे गुण देऊन खेळाडूंची सरासरी पार तळास नेली. तो खेळ पुरा करावयास पंचवीस-एक तास लागतात. ज्यांनी पहिल्या काही तासांतच निकाल लावला त्यांनी तो पुरा खेळलाच नव्हता. कथा कशी वळते हे आधीच फुटले होते, व त्याचा राग ते काढीत होते. त्यानंतर मेटाक्रिटिकला नियम करावा लागला की खेळ प्रसिद्ध झाल्यापासून ३६ तास सामान्य खेळाडूंनी गुण देऊ नयेत. म्हणजे पंच नको म्हणून गर्दीकडे गेलो, तर गर्दी सामना पाहण्यापूर्वीच आरोळ्या देत होती!

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल, मग परीक्षणे गुंडाळून ठेवावी आणि ज्याने त्याने मनास येईल ते घ्यावे. तसे मात्र आम्ही म्हणणार नाही. गरिबाच्या घरी पैसा फुकट जाऊ नये म्हणून परीक्षकाचा फार मोठा उपयोग आहे. माल फुटका आहे की धड, हे तो सांगू शकतो. आणि त्याने ते सांगू नये अशी व्यवस्था झाली की काय होते, हे डिसेंबर २०२० मध्ये दिसून आले. 'सायबरपंक २०७७' हा खेळ बाहेर पडण्यापूर्वी परीक्षकांस केवळ शक्तिमान संगणकांवरील प्रत देण्यात आली. त्यांनी चांगले गुण दिले. परंतु ज्यांच्या घरी जुना प्लेस्टेशन ४ होता त्यांनी पैसे भरून खेळ उघडला तो अडखळे, बंद पडे, माणसांचे चेहरे उमटत नसत. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला व पैसे परत केले. पुढे जून २०२१ मध्ये तो पुन्हा ठेवला गेला. तेव्हा परीक्षण वाचताना हेही पाहावे, की परीक्षकाचे यंत्र कोणते आणि आपले कोणते. आमच्या तरुणाचा संगणक त्याच्या मावसभावाने वापरून टाकलेला. 'एल्डन रिंग' त्यावर चालताना मधूनच थबके, आणि नेमका तेव्हाच समोरचा राक्षस तलवार उगारी. नव्वदच्या वर गुण देणाऱ्यांच्या मेजावर तो संगणक नव्हता.

आईबापांकरिता येथे थोडे थांबतो. खेळाच्या वेष्टनावर वा दुकानातील पानावर दोन प्रकारचे आकडे दिसतात, आणि त्यांची गल्लत झालेली आम्ही पाहिली आहे. एक परीक्षकांचा गुणांक. दुसरा वयाचा. युरोपात २००३ पासून 'पेगी' नावाची व्यवस्था ३, ७, १२, १६, १८ असे वयाचे आकडे छापते. अमेरिकेत १९९४ पासून 'ईएसआरबी' तेच काम अक्षरांनी करते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेतील २०१३ सालच्या पाचव्या खेळास परीक्षकांनी ९७ गुण दिले, आणि पेगीने त्यावर १८ चा आकडा छापला. हे दोन्ही आकडे आपापल्या ठिकाणी खरे आहेत. परंतु बारा वर्षांच्या मुलाने हट्ट धरला, बापाने ९७ पाहिले, आणि "इतके मार्क आहेत म्हणजे चांगलाच असणार" म्हणून घेऊन दिला, असे आमच्या ओळखीच्या दोन घरांत झाले. गुणांक रचनेचा होता. बापाने तो चारित्र्याचा दाखला समजला.

आता आवडीविषयी. आवडही काही डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी वस्तू नाही. पहिल्या घासास कडू लागलेली कॉफी पुढे माणसास सुटत नाही. शास्त्रीय गाणे पहिल्यांदा ऐकून कंटाळलेला मुलगा पुढे रात्र रात्र बैठकीस जातो. ज्याने कधी आपल्या चवीबाहेर पाऊलच टाकले नाही त्याची चव लहानच राहणार. म्हणून एखाद्या मोठ्या खेळास थोडा अवसर द्यावा, हे रास्तच. परंतु अवसर देणे निराळे, आणि आपल्याला कंटाळा आला हेच नाकारणे निराळे. दीड महिन्यानंतरही जो मित्रांस "मस्त आहे रे" असे खोटे सांगतो, तो चव वाढवीत नाही. तो आपली जीभ दुसऱ्यास विकतो. आमचा तरुण अगदी हेच करीत होता, हे त्याने मागाहून सांगितले.

त्याहून चांगला मार्ग आहे, व तो जुनाच आहे. एखाददुसरा परीक्षक असा शोधावा की ज्याची चव आपणांस ठाऊक झाली आहे. मग तो आपल्याशी जुळणारा असो वा नेहमी उलटा. त्याचे शब्द वाचावे. "लढाई संथ आहे, परंतु गावातील माणसे जिवंत वाटतात" या एका वाक्यात जितके कळते तितके ७१ या आकड्यात कळत नाही. कोणास लढाई हवी असते, कोणास गाव. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली आला, तेव्हा पाश्चात्त्य परीक्षकांनी साधारणतः चित्रांची वाखाणणी केली, लढाईच्या उणिवा दाखविल्या, आणि मध्यम गुण दिले. उणिवा खऱ्या आहेत. परंतु धाकट्या भावास शोधीत निघालेली ती मुलगी, ते राजस्थानी वाडे, तो जाळीतून येणारा उजेड, यांचे आपल्याकडील पोरास काय वाटेल, हे परदेशी परीक्षकाने कोणत्या रकान्यात लिहावे?

आम्ही स्वतः या विषयात फारसे तज्ज्ञ नाही. आमच्या लहानपणी, १९९० नंतरच्या वर्षांत, टीव्हीला जोडावयाचे एक यंत्र शेजाऱ्यांकडे होते, व त्यात घालावयाच्या कॅसेटवर मोठ्या अक्षरांत '९९९९ इन १' असे छापलेले असे. नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ! प्रत्यक्षात पाच-सहाच खेळ आलटून पालटून येत. पण त्या पाच-सहांतील रणगाड्यांचा खेळ आम्ही व शेजारचा मुलगा मिळून इतका खेळलो, की आजही तो आवाज कानी पडला तर त्या घराच्या शेणाने सारवलेल्या पडवीचा वास येतो. आकडा खोटा होता, आनंद खरा होता. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान पुष्कळ शिकलो, परंतु या विषयावरील आमचा मुख्य अभ्यास तोच.

असो. त्या सायंकाळी पायरीवर बसून आम्ही त्या तरुणास एवढेच विचारले, "तुला आजवर कोणता खेळ सोडून उठवत नव्हतं, ते सांग. मार्क सांगू नकोस."

तो लाजला. मग म्हणाला, "फादर, हसू नका. ट्रकचा."

'युरो ट्रक सिम्युलेटर २' असे त्याचे नाव. चेकियातील प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या संस्थेने तो ऑक्टोबर २०१२ मध्ये काढला. त्यात राक्षस नाही, तलवार नाही. युरोपच्या रस्त्यांवरून मालाचा ट्रक हाकावयाचा, सिग्नल तोडला तर दंड भरावयाचा, झोप आली तर विसाव्याच्या जागी गाडी लावून झोपावयाचे, आणि वेळेत माल पोहोचवावयाचा. प्रथम दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राबावयाचे, मग कर्ज काढून स्वतःचा ट्रक घ्यावयाचा. परीक्षकांनी त्यास बरे गुण दिले, परंतु मोठ्या नावांच्या पंगतीस बसविले नाही; आणि आमच्या तरुणाचे मित्र "हा काय खेळ आहे का?" म्हणून त्याची टर उडवीत. सणाच्या सवलतीत अगदी थोड्या पैशांत त्याने तो घेतला होता, आणि 'एल्डन रिंग' आल्यावर लाजेने बंद करून ठेवला होता.

त्याचे वडील ट्रकचालक आहेत. बेळगावहून कधी मुंबई, कधी बंगळूर. महिन्यातून आठ-दहा दिवस काय ते घरी. पंचवीस वर्षे गाडी हाकली, परंतु स्वतःच्या मालकीची गाडी काही झाली नाही. हे आम्हांस ठाऊक होते. खेळाची गोष्ट ऐकल्यावर आम्ही अधिक काही बोललो नाही. फक्त, वडील घरी आले की तो खेळ त्यांच्यासमोर उघड, एवढे सांगितले.

पुढे महिन्याभराने घरभेटीस गेलो, तेव्हा बापलेक दोघेही संगणकापुढे होते. वडिलांनी लुंगीवरच खुर्ची पुढे ओढली होती. फ्रान्समध्ये गाडी उजव्या अंगाने चालवावी लागते, हे त्यांस मुळीच पसंत नव्हते. म्हणून त्यांच्या आग्रहाखातर मुलाने गाडी बोटीतून डोव्हरला उतरवून इंग्लंडात आणली होती, कारण तेथे आपल्यासारखे डाव्या अंगाने जाता येते. आम्ही दारात उभे आहोत हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. मुलगा ट्रेलर मागे घेत होता, आणि तो सारखा वाकडा जात होता.

"उलटं फिरव की रे स्टिअरिंग," वडील म्हणाले. "शेपूट डावीकडं न्यायचीय न्हवं? मग उजवीकडं फिरव. आणि आरशात बघ, पुढं काय बघतोस."

ट्रेलर सरळ झाला. मुलगा अभिमानाने म्हणाला, "बाबा, ही गाडी आपली आहे. स्वतःची. कर्जावर घेतली."

वडील थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "हप्ता किती बसतो?"